भाजतात की वाजतात

“भाजत्यात म्हना मामा. वाजत्यात नाय म्हनायचं.”

“व्हय. भाजत्यात.”

“पुन्हा म्हना.”

“डोळं भाजत्यात. लई भाजत्यात.”

“लई नाय. नुसतं भाजत्यात. लई म्हनलं की आनखी तपासण्या लिहून देत्यात.”

मी कूलरपाशी पाण्याची बाटली भरत होते. पाठीमागच्या बाकावर एक सून सासऱ्यांची उजळणी घेत होती, तोंडी परीक्षेआधी वर्गाबाहेर घेतात तशी. मी वळून पाहिलं नाही. लोकांकडे वळून पाहायची मला सवय नाही. झाकण लावून आत गेले. पण ‘वाजत्यात’ हा शब्द माझ्यामागे आत आला आणि मशीनच्या खोलीत बसून राहिला.

मी संभाजीनगरातल्या एका तपासणी केंद्रात सीटी स्कॅन करते. आई शेजारपाजारी सांगते, “ती फोटो काढते.” त्यावरून समोरच्या काकूंनी त्यांच्या पुतणीच्या हळदीचं विचारलं होतं. ड्रोन असतो का, तेही विचारलं. मी नाही म्हटलं आणि जिना उतरून गेले. समजावून सांगायचं काम आईने नंतर केलं असावं, कारण आता त्या काकू मला गुडघे दाखवतात.

मला कमी बोलता येतं, आणि या कामात कमी बोलून भागतं. पोटाच्या, छातीच्या तपासणीला मशीन स्वतःच बोलतं. ‘श्वास घ्या, श्वास रोखा, श्वास सोडा,’ हे सगळं आधीच कुणीतरी ठसक्यात भरून ठेवलेलं आहे. मी बटण दाबते. आमचे सर, म्हणजे रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट, म्हणतात, “हिचा आवाज ऐकायचा तर त्याचाही स्कॅन काढावा लागेल.” सरांचा स्वतःचा आवाज मात्र मजल्यावर कुठेही ऐकू जातो.

त्यांच्याहून मोठा आवाज शकीलभाईंचा. शकीलभाई पेशंटला आत आणतात, टेबलावर चढवतात, उतरवतात. पूर्वी ते काळीपिवळी जीपवर ‘कन्नड कन्नड कन्नड’ ओरडून प्रवासी भरायचे. जीप सुटली, गळा राहिला. त्यांनी नाव पुकारलं की खाली पार्किंगमध्ये चहा पिणारा पेशंटही कप टाकून वर येतो. माणूस मात्र लोण्यासारखा. एका काकूंच्या कानातल्या कुड्या लग्नापासून निघाल्या नव्हत्या, आणि कानाजवळ सोनं असलं की चित्रात चांदण्यांसारखे फराटे उठतात. शकीलभाईंनी कुठूनतरी खोबरेल आणलं, काकूंच्या सुनेला दिलं आणि दाराकडे तोंड करून तिला सूचना देत राहिले, “धीरे से घुमाव बेटा, जल्दी नक्को.” कुड्या निघाल्या. काकूंनी उरलेलं तेल केसांना लावलं.

मशीन म्हणजे मोठ्या कड्यासारखं चाक. त्यातून टेबल आतबाहेर सरकतं, चाकातून क्ष-किरण फिरतात आणि शरीराचे आडवे काप पडद्यावर उमटतात. एक निवृत्त हेडसर टेबलावर आडवे होताना मला हळूच म्हणाले, “यात मनातलं दिसतं का हो?” मी नाही म्हटलं. “बरं झालं,” ते म्हणाले, “मंडळी बाहेरच बसल्यात.”

माझी एक अडचण इथेच सांगते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी होती, पण ‘जेवलीस का’, ‘पंखा बंद कर’ एवढ्यात मावणारी. कामावर रुजू झाले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “मोडशी झालीय.” मी गंभीरपणे विचारलं, “कुठलं हाड?” मोडशी पोटाची असते, हे मला शकीलभाईंनी समजावलं, तेही हिंदीत. तेव्हापासून मला एक खोड लागली. ज्यांची मराठी पक्की असते ते अर्धा शब्द ऐकतात आणि उरलेला मनाने भरतात. माझ्याकडे भरायला काही नसतं. म्हणून मी शब्द जसा येतो तसाच पुरा ऐकते, आणि पुन्हा एकदा विचारते. पेशंटला वाटतं, पोरगी काळजी घेते.

“म्हाळूबाबा पिशोरवाऽऽले!”

शकीलभाईंनी दारात उभं राहून हाक दिली, आणि बाकावरचे ते सासरे उठता उठता डावीकडे कलले. पडले नाहीत. त्यांनी भिंत धरली, डोळे मिटले, आणि डोलणारी होडी हळूहळू स्थिर व्हावी तसे थांबले.

“बघा,” सून दातांतल्या दातांत म्हणाली. “सकाळचं बी प्यायचं सोडलं नाय.”

बाकावरच्या दोघांतिघांनी ओळखीचं हसून घेतलं. तिचं नाव सुनीता, हे मला नंतर कळलं. पदर खोचलेला, हातात औषधांची पिशवी, चेहऱ्यावर सगळ्यांची माफी मागून थकल्यासारखा भाव. मी म्हाळूबाबांच्या दुसऱ्या बाजूने हात दिला. त्यांच्या अंगाला घोंगडीचा आणि मेंढरांचा वास होता. दारूचा नव्हता. या खोलीत कोण काय पिऊन येतं ते मला न विचारता कळतं.

चिठ्ठीवर होतं: चक्कर, तोल जातो, डोळ्यांची आग, मेंदूचा सीटी. सुनीताला बाहेर थांबवून मी दार लावलं.

“काय होतं बाबा?”

“डोळं भाजत्यात.” उत्तर पाठ होतं.

मी त्यांच्या मनगटातलं चांदीचं कडं काढायला घेतलं. खरं तर डोक्याच्या स्कॅनला हातातलं चालतं, पण माझे हात रिकामे असले की मला विचारायला धीर येत नाही. मान खाली घालूनच विचारलं, “भाजतात की वाजतात?”

 त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. माझ्याइतका खाली.

“वाजत्यात.”

“कसे?”

“नजर हिकडून तिकडं नेली की खर्र करतंय. हिरीवरचा जुना रहाट फिरावा तसं. डाव्या कानात. भाकर चावली तर अख्खी गिरनी चालल्यावानी. माझंच पाऊल मला वाजतं, पोरी. घरात सांगितलं तर हसले. डॉक्टरला सांगितलं तर त्यो सुनेकडं बघाया लागला. मग ही म्हनली, भाजत्यात म्हना.”

“आणि चक्कर?”

आता ते खरंच अवघडले. “हाळी दिली की येती.”

हाळी म्हणजे मेंढरांना घालायची हाक. रानात पांगलेला कळप त्या एका आवाजावर गोळा होतो, आणि कळप ज्याच्या हाळीवर वाढला त्याचीच ऐकतो. म्हाळूबाबा हाळी द्यायचे आणि त्याच क्षणी रान त्यांच्याभोवती फिरायचं. बांधावर पडायचे. लांबून पाहणाऱ्याला काय दिसणार? ओरडतोय आणि पडतोय.

“थेंबाला शिवलो नाय जिंदगीत,” ते म्हणाले. “पर कोन मानंल? आता हाळीच देत नाय. शिट्टी घेतली इकत. मेंढरं शिट्टीकडं बघत्यात अन् चरत्यात. पोरगा म्हनतो, आबा, बास झालं, कळप इकून टाकू. कन्नडच्या बाजारचा व्यापारी ठरवलाय त्यानं. आज हितं येतोय, इथून निघालं की त्याला फोन करनार.” मग म्हणाले, “मी बी व्हय म्हनलं. पिदाड्या म्हनून मेंढरं राखण्यापरीस…”



कॉलेजात आमच्या एका मॅडमनी शिकवता शिकवता सांगितलं होतं की काही माणसांना स्वतःची बुबुळं फिरल्याचा आवाज ऐकू येतो. वर्ग हसला होता. मीही. मी आवाज न करता हसते, एवढाच फरक. तो तास आता मला शब्दाशब्दाने आठवायला लागला.

कानशिलाच्या हाडाच्या आत, अगदी खोल, तीन अर्धवट वर्तुळाकार नळ्या असतात. आपला तोल त्या सांभाळतात. त्यांतल्या वरच्या नळीवर हाडाचं छप्पर असतं, शेंगदाण्याच्या लाल सालीसारखं पातळ. काहींचं ते छप्पर झिजतं किंवा मुळातच पुरं झालेलं नसतं. तिथे भोक राहिलं की मोठा आवाज सरळ तोलाच्या नळीत घुसतो, आतलं पाणी हलतं, आणि डोकं जागेवर असताना माणसाला वाटतं आपण फिरलो. उलट, शरीरातले जे आवाज कुणालाच ऐकू येत नाहीत ते त्या कानाला मोठ्याने ऐकू येतात. पाऊल, घास, बुबुळ.

आणि मेंदूच्या साध्या सीटीत हे दिसण्याचा भरवसा नाही. कोबी जाड चिरला तर त्यातली अळी सापडत नाही, तसं आहे. इथे काप अतिशय बारीक हवेत, फक्त कानशिलाचे, आणि हाडासाठीच जुळवलेले. ते चिठ्ठीवर नव्हतं. चिठ्ठीवर नसलेलं मी करू शकत नाही. त्यासाठी सरांकडे जाऊन तोंडाने बोलावं लागणार होतं.

एरवी मी सरांना फोनवर निरोप टाइप करते. तोही दोनदा वाचून. पण सर फोन पाहीपर्यंत म्हाळूबाबा टेबलावर झोपून असते, आणि बाहेर मुलगा येऊन पोचला असता. मी गेले.

“सर, डोळे वाजतात.”

“काय?”

“त्या बाबांचे डोळे वाजतात.”

“भाजतात? मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे…”

“वाजतात.”

“थंडी वाजते?”

“नाही सर. डोळे. डोळे फिरवले की त्यांचा आवाज येतो. कानात. आणि स्वतःच्या हाळीने चक्कर येते.”

एवढं लांब वाक्य मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलले असेन. सरांनी रिपोर्ट बोलून लिहायचा माईक बाजूला ठेवला. त्यांचा चेहरा आवडती मिठाई दिसल्यासारखा झाला. “स्वतःच्या हाळीने?” असं दोनदा म्हणून त्यांनी चिठ्ठी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला, सगळं सांगितलं, होकार घेतला आणि मला म्हणाले, “कानशिलं काढ. बारीक. आणि त्यांना सांग, डोकं दगडासारखं ठेवा.”

मी बाबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, “दगडासारखंच हाय, समदे म्हनत्यात.”

ते इतके निश्चल राहिले की मला शेवटी दोन खोल्यांमधली काच ठोकून विचारावं लागलं, बाबा जागे आहात ना. त्यांनी एक बोट वर केलं.

स्कॅन झाला की माझ्या आवडीचं काम सुरू होतं. मिळालेले बारीक काप संगणकात रचून हवा तसा तिरपा छेद घेता येतो. ती वरची नळी नेमक्या कोनात पकडली तर पडद्यावर तिचं अख्खं कडं दिसतं. मी आधी उजवा कान घेतला. फिरवत फिरवत आले आणि कडं उमटलं, वर पांढऱ्या हाडाची पुरी रेघ. मग डावा. तेच फिरवणं, तोच कोन. कडं उमटलं आणि वरची रेघ मधेच थांबली. थोडी जागा काळी. पुढे रेघ पुन्हा सुरू.

टेबलाशेजारच्या ट्रेमध्ये म्हाळूबाबांचं चांदीचं कडं पडलं होतं. त्यालाही वर तशीच फट होती, हातात घालण्यासाठी सोडलेली.

सर आले. त्यांनी लगेच काही म्हटलं नाही. दुसऱ्या कोनातून पाहिलं, तिसऱ्या कोनातून पाहिलं. “हाड फार पातळ असलं की चित्र फसवतं,” ते म्हणाले. “असलेलंही नसल्यासारखं दिसतं. नुसत्या चित्रावर जाऊ नकोस. इथे तक्रार आणि चित्र एकाच कानात आहेत. म्हणून मानायचं.” मग त्यांनी ते कडं उचललं आणि बाबांना बसवून फटीवर बोट ठेवून समजावलं. समजावता समजावता त्यांना रंग चढला, आवाज चढला, आणि म्हाळूबाबा बसल्या जागी कलायला लागले.

“सायेब,” टेबलाची कड धरून ते म्हणाले, “जरा हळू. मेंढरं नाय हितं.”

सर एकदम कुजबुजायला लागले. सरांना कुजबुजताना मी तेवढं एकदाच पाहिलं आहे.

“म्हंजी मी येडा नाय,” बाबा म्हणाले.

“अजिबात नाही.”

“अन् पेलेला बी नाय.”

“तेही नाही. कानाचे डॉक्टर पुढचं सांगतील. तुमच्या मुलाला रिपोर्ट मी नीट समजावतो.”

“तुमी नगं.” बाबांनी माझ्याकडे बोट केलं. “ही सांगंल. तुमी बोलाया लागले की मी पडनार. अन् मी पडलो की त्यो काय समजनार? हिचा आवाज बरा हाय. मेंढीच्या पिलासारखा.”

आमच्या कामात रिपोर्ट सांगायचा नाही हा पहिला नियम. मी त्यामागे नेहमी आनंदाने लपते. पण मी सरांना व्यापाऱ्याचं सांगितलं, आणि त्यांनी मला त्या नियमामागून बाहेर काढलं. “रिपोर्ट मीच सांगेन, नंतर, हळू आवाजात. तू मुलाला ‘पेलेले नाहीत’ एवढं एक वाक्य सांग. फोन लागायच्या आत.”

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण मला थांबायचंय वेगळ्या ठिकाणी. पेशंट गेला की त्याचं पुढे काय झालं हे आम्हाला सहसा कळत नाही. या नोकरीत मला खटकते ती एवढीच गोष्ट. आम्ही माणसाच्या आतलं सगळं पाहतो आणि त्याची गोष्ट अर्ध्यावर सोडतो. पण सुनीता काही महिन्यांनी स्वतःच्या आईला घेऊन आली. म्हणाली, कानाच्या डॉक्टरांनी मामांना सांगितलंय की ऑपरेशन आहे, पण घाई नाही. जोर काढायचा नाही, ओरडायचं नाही. मग कळपाचं काय केलं, मी विचारलं. तर हाळी आता सुनीता देते. म्हाळूबाबांनी तिला बसवून शिकवली. पहिले काही दिवस मेंढरं तिच्याकडे पाहून गोंधळायची, कारण मेंढपाळ एकीकडे उभा आणि आवाज भलतीकडून. आता येतात. ती हाळी देते तेव्हा मामा लांब, बांधाच्या पलीकडे, कानात बोट घालून उभे असतात.

“तेच आता माझी उजळणी घेत्यात,” ती हसत म्हणाली. “पुन्हा म्हन, म्हनत्यात.”

शकीलभाईंनी हट्ट धरला, “एक बार मारके बताव ना दीदी.” ती पार्किंगमध्ये गेली, पदर खोचला आणि हाळी दिली. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. शकीलभाईंनी कानाला हात लावून तिला सलाम केला. त्यांना मी एवढ्या आदराने कुणाकडे पाहताना पाहिलं नव्हतं.

तर तो दिवस. मी म्हाळूबाबांचा हात धरून बाहेर आले. मुलगा पोचला होता. दत्ता नाव, चितेगावच्या कंपनीतून तसाच आलेला, गणवेशातच. फोन कानाला होता आणि दुसऱ्या हाताने तो सुनीताला गप्प राहायची खूण करत होता.

“…व्हय, समदी. काठीसकट घ्या. नाय, आबा काय म्हननार? आबा शुद्धीत असतील तवा म्हनतील.”

बाकावर पुन्हा तेच ओळखीचं हसू फिरलं. म्हाळूबाबांनी माझ्या हातातला हात घट्ट केला आणि जमिनीकडे पाहत राहिले.

“ऐका ना,” मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. कूलरचा आवाज माझ्याहून मोठा होता. मी पुन्हा म्हणाले. फक्त सुनीताने वर पाहिलं, आणि माझा चेहरा पाहून काहीतरी वाईट बातमी आहे असं तिला वाटलं असावं, कारण ती उभी राहिली.

शकीलभाई दारात होते. त्यांनी परिस्थिती ओळखली, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. आता ते ‘खामोश’ म्हणणार, आणि बाबा सगळ्यांसमोर कलणार. मी हात वर करून त्यांना थांबवलं. शकीलभाई तोंड उघडं ठेवून थांबले.

“बाबा,” मी हळूच म्हणाले, “डाव्या कानात बोट घाला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोट घातलं, चांगलं घट्ट, आणि हसले.

मी श्वास घेतला. रोखला. आणि कन्नडच्या जीपवाल्यांनाही पुरेल एवढ्या आवाजात सोडला:

“दत्ताभाऊ, फोन ठेवा! तुमचे आबा पीत नाहीत. आणि त्यांचे डोळे भाजत नाहीत, वाजतात!”